आखाजीच्या आत पाणी

१ मे १९८९, सोमवार
सकाळी झेंडावंदन. नगरपालिकेच्या पाणीखात्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून माझे प्रोबेशन येत्या दहा तारखेला संपते. त्याआधी खात्याला शिस्त लावायचीच. पहिला मेमो व्हॉल्व्हमन लोटनला. सव्वीस वर्षे नोकरी, आणि गावातल्या व्हॉल्व्हचा नकाशा मागितला तर म्हणतो डोक्यात आहे. डोके फाइलला लावता येत नाही. पंधरा दिवस सक्तीची रजा दिली. सगळे त्याला आबा म्हणतात, तिथेच खाते बिघडले. मी नुसते लोटन म्हणतो.

संध्याकाळी व्हॉल्व्हचा पान्हा टेबलावर ठेवून गावी गेला. काहीतरी सांगायचे होते म्हणे. म्हटले, लेखी दे. त्याला लिहिता येत नाही. विषय संपला.

२ मे, सकाळी ७
गावात एकाही नळाला पाणी नाही. घाबरलो नाही. उलट बरे वाटले. माणसाची पारख अशाच वेळी होते. टीम बोलावली. पंप ऑपरेटर पितांबर, वायरमन रतिलाल, शिपाई वना. पाच मिनिटे लीडरशिपवर बोललो. पितांबरने मध्येच सुरू केले, "साहेब, रोज सकायमा आबा..." आबा हा शब्द ऑफिसात चालणार नाही म्हणून बजावले.

दुपारी १२
निदान झाले. पंपाची मोटर. आवाज वेगळा येतो. रतिलाल म्हणतो, हाच आवाज सहा वर्षे आहे. रतिलालचे कान तपासून घ्यायला हवेत.

३ मे
रतिलाल टाकीवर चढून आला. म्हणे, "टाकी काठोकाठ भरेल शे, साहेब." मोटर बिघडलेली आणि टाकी भरलेली, हे कसे शक्य आहे? याला उन्हात पाठवू नये. मोटर उतरवून ट्रॅक्टरने जळगावला रिवाइंडिंगला रवाना केली. उतरवताना तिघांनी सांगितले तसे केले. जरब बसली आहे.

मुख्याधिकाऱ्यांना शब्द दिला, आखाजीच्या आत पाणी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सोमवारी. घरोघरी पितरांच्या नावाने नवी घागर भरायची, लेकी माहेरी आलेल्या. साहेब म्हणाले, घागरी कोरड्या राहिल्या तर तुमच्या कन्फर्मेशनच्या कागदावर मी सही कोणत्या हाताने करू? माणूस मोठा विनोदी.

४ मे
सौ. पारोळ्याला माहेरी गेली. आखाजीला जायचीच, यंदा चार दिवस आधी. आठवड्याचे धुणेही घेऊन गेली. जाता जाता म्हणाली, लोटन आबांना एकदा विचारून तर बघा. बायकांना टेक्निकल बाजू कळत नाही.

संकल्प. उद्यापासून पहाटे पाचला उठणे. रोज एक तास पंपाचे मॅन्युअल वाचणे.

५ मे
साडेआठला उठलो. अंघोळच नाही तर लवकर उठून करायचे काय? मॅन्युअल पिठाच्या गिरणीचे निघाले. तरी तीस पाने वाचली.

६ मे, दुपारी
घागर मोर्चा. शे-सव्वाशे बाया. सगळ्यांत पुढे आमच्या घरमालकीण मंजुळाबाई. माझ्या टेबलावर कोरी घागर आदळून म्हणाल्या, "हाई भरी दे, नही ते खोली खाली कर." घरोब्याचे संबंध असले की लोक असे मोकळेपणाने बोलतात. घागर ठेवून घेतली. वना म्हणतो, ती भेट नव्हती.

संध्याकाळी
जळगावहून निरोप. मोटर चांगलीच होती, पण तुमच्या सांगण्यावरून वाइंडिंगच्या तारा सोडवल्या, आता आखाजीनंतर बघू. चांगली होती हे त्यांचे मत.

७ मे, सकाळी, एस.टी. स्टँड
पाचोऱ्याकडची गाडी. लोटनच्या गावी निघालो आहे. ही माघार नव्हे. साहेबाने कर्मचाऱ्याच्या घरी जाऊन विचारपूस करावी, असे नियमांत असणारच.

संध्याकाळी, परतीच्या गाडीत
निंबाखाली आखाजीचे पत्ते रंगले होते. लोटन म्हणाला, "बसा साहेब, डाव सरू द्या." डाव तीन तास सरेना. मलाही पाने वाटली. सगळे डाव हरलो.

मग बिघाड सांगितला. मोटर, आवाज, रिवाइंडिंग. लोटनने शांतपणे ऐकून विचारले, "व्हॉल्व्ह कोन्ही खोला?" म्हटले, कसला व्हॉल्व्ह? म्हणाला, "गावना. रोज सकायमा मी खोलस, मीच बंद करस. तुम्ही माले घर धाडी दिधं." निंबाखालचे सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

म्हटले, उद्या चला. म्हणाला, मी सक्तीच्या रजेवर आहे, कागदावर सही तुमची आहे. तेव्हा माझ्या तोंडून "आबा" निघाले. ऊन फार होते.

"तुमना संगे येस," म्हणाला, आणि आलाही. पलीकडच्या सीटवर झोपला आहे.

८ मे, आखाजी, सकाळी साडेआठ
एस.टी. स्टँडमागे बाभळीचे काटे. काट्यांखाली फरशी, फरशीखाली व्हॉल्व्ह. पोरांनी छेडू नये म्हणून झाकलेला. आबांनी पान्हा लावून मोजून आटे फिरवले. नळ आधी खाकरले, मग गल्लीत एकदम ओरडा झाला. मंजुळाबाईंची घागर मी स्वतः भरली. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मलाही गलबलून आले. लीडरशिपमध्ये असे क्षण येतात.

आबा म्हणाले, नऊला बंद करा. टाकीत आहे तेवढेच पाणी, मोटर नाही. "तुमले बंद करता येई का?" म्हटले, मी इंजिनिअर आहे. आठच्या गाडीने ते गेले. डाव अर्धा राहिला होता.

दुपारी २
नऊला बरोबर व्हॉल्व्ह बंद केला. ज्या बाजूला सहज फिरत होता त्या बाजूला.

दुपारी ४
टाकी रिकामी. वना म्हणतो, ती उघडायची बाजू होती. दुपारभर सगळ्या गटारी दुथडी भरून वाहिल्या, लोकांनी ओटे धुतले, म्हशी धुतल्या. आता मात्र बिघाड मोटरचाच आहे. माझे निदान बरोबर ठरले, थोडे आधी झाले होते इतकेच.

१० मे
ऑर्डर आली. आबांची रजा रद्द. माझे प्रोबेशन सहा महिने वाढवले. या काळात मी रोज पहाटे साडेचारला लोटन आबांच्या हाताखाली काम शिकायचे आहे. खास ट्रेनिंगसाठी खात्यातल्या इंजिनिअरांतून माझीच निवड झाली. खात्यात इंजिनिअर मी एकटाच, तरी निवड ती निवड. सौ.ला तसेच पत्र टाकले.

आबांना विचारले, उद्या वही आणू की पान्हा? आबा म्हणाले, "काहीच नका आनू, साहेब. मना मांगे मांगे चाला. फक्त कशाले हात लावू नका."