पंचा वर झाला की

१२ जानेवारी
पोलादपूर. भात काढून मोकळ्या झालेल्या शेतांत पाणी मारून, रोलर फिरवून केलेला मातीचा ट्रॅक. फैजान पहिला, मी दुसरा. शेवटच्या फेरीपर्यंत पुढे मी होतो. मग तात्यांनी पंचा वर केला.

आमच्या संघाची ही रीत. तात्यांचा महाडला ट्रान्सपोर्टचा धंदा, शर्यतीच्या दोन्ही गाड्या त्यांच्या. गाडीत बोलायला यंत्र नाही, म्हणून ते शेवटच्या वळणावर पाण्याच्या टँकरवर चढून उभे राहतात. खांद्यावरचा पिवळा पंचा वर झाला की मी पाय उचलायचा, डावी बाजू घ्यायची, फैजानला जाऊ द्यायचं. गुण दोघांत वाटले गेले तर हंगाम तिसराच कोणी नेतो. तात्यांचं गणित चुकीचं नाही.

बक्षीस घेऊन खाली आल्यावर फै. म्हणाला, "दादा, तुम्ही सोडलंत म्हणून."
मी म्हटलं, "तू आलाच होतास की मागून."
दोन्ही खरं. जास्त खरं कोणतं, माहीत नाही. पाच वर्षं माहीत नाही.

१५ जानेवारी
एमआयडीसीत गेटसभा. कंत्राटी कामगार, पहिली पाळी सुटताना. चांगला बोललो असं म्हणतात. "साखळी दिसते तरी, मान झुकवायची सवय दिसतही नाही." बसची वाट बघणारे बस सोडून थांबले. एकजण हात धरून म्हणाला, "साहेब, आग लावलीत."
घरी येऊन वरणभात खाल्ला. आग कुठे लागली होती, मला काही जाणवलं नाही.

२६ जानेवारी
नाते गावची शर्यत. पंचा. दुसरा.

२८ जानेवारी
सुनीता कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "गेटावर कंपनीच्या मॅनेजराला बोट दाखवून बोलता. तात्यांपुढं मिठाची गुळणी का धरता?"
"ती शिस्त आहे. संघ आहे."
"बरं. आणि पंचा नसता तर? तर मंग काय सांगितलं असतंत आमाला?"
लग्नाला इतकी वर्षं झाली, वादात मी तिच्याकडून हरलो असं प्रथमच. तिने चिमटे लावले आणि आत गेली.

२ फेब्रुवारी
तात्यांच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, हंगामाची शेवटची शर्यत महाडला. तोवर फैजानचे गुण पुरे झालेले असतील, तुमचं नुकसान नाही. एक शर्यत पंचाशिवाय द्या. तो खरंच माझ्यापेक्षा जलद असेल तर मागे राहीन, मुकाट. पण मला ते कळू दे. पुढच्या वर्षी चाळिशी.

बरीच तयारी करून गेलो होतो. दाखले, युक्तिवाद. तात्यांनी मधेच हात वर केला.
"तुला भाषन कराचा हाय का गाडी चालवाची हाय?"
"चालवायची आहे म्हणूनच बोलतोय."
फोन वाजला. कुठल्याशा ड्रायव्हरला कशेडी घाटात गाडी बंद पडल्याबद्दल शिव्या दिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हाडला पंचा नाय. पन मंग नंतर रडाचा नाय."

बाहेर आलो. आनंद व्हायला हवा होता. टपरीवर चहा घेतला, फार गोड होता.

१६ फेब्रुवारी
सराव. नंतर फै. आणि मी सव गावच्या गरम झऱ्यावर, पाण्यात पाय सोडून बसलो. त्याचा बाप दुबईला, घरी आई आणि दोन बहिणी. चोविशीचा पोरगा, पण गाडीत बसला की म्हाताऱ्यासारखा शांत.
म्हणाला, "एक सांगू? राग नका मानू. वळणाआधी तुम्ही आरशात बघता."
"मग? तू नाही बघत?"
"मागे काय आहे ते बघून काय करू, दादा? मला तिकडे जायचंच नाय."
हसलो दोघंही. पाणी इतकं गरम होतं की पायांना काही जाणवत नव्हतं.

२ मार्च
रोज सकाळी कामावर जाण्याआधी मोकळ्या प्लॉटवर सराव. आरशावर चिकटपट्टी लावली. दोन दिवसांनी काढली. उपयोग शून्य, मान वळतेच तिकडे.

२० मार्च
चवदार तळं. दरवर्षीसारखी गर्दी, लांबलांबून आलेली माणसं, उन्हात उभी. माझी वेळ दुपारची. पाण्याकडे बघत बोललो. हक्क कोणी ओंजळीत आणून घालत नाही, खाली वाकून आपणच घ्यावा लागतो, आणि पुन्हा सरळ उभं राहावं लागतं. एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती. मी हे पहिल्यांदा बोललो तेव्हा माझेही भरले होते. आज घशात फक्त धूळ. विश्वास गेलेला नाही. शब्दन् शब्द मानतो. फक्त तो माझ्यापर्यंत पोचेनासा झालाय.
तीन दिवसांनी शर्यत.

२३ मार्च
महाड. लिहून टाकतो, नाहीतर उद्या वेगळंच आठवेल.

सुरुवात उत्तम. पहिल्याच वळणात पुढे. फै. मागे, एका गाडीच्या अंतरावर, फेरीमागून फेरी. जवळ येत नव्हता, लांबही पडत नव्हता. तात्या मांडवात चहा पीत बसलेले, दिसत होते. टँकरवर कोणी नव्हतं. शेवटची फेरी. शेवटचं वळण. मी टँकरकडे पाहिलं. रिकामा. नीट पाहिला, रिकामाच होता.

आणि पाय सुटला.

मी सोडला नाही, सुटला. गाडी डावीकडे गेली. रोजच्या वाटेवरचा बैल गाडीवान झोपला तरी घरी वळतो, तशी. उजवीकडून फै. गेला.

खाली उतरलो. तात्या ओरडले, "गेला ना रे मारून तुला! बोल्लो होतो!" सगळ्यांना तसंच वाटलं. पाठीवर थाप मारून लोक म्हणाले, पोरगा जबरी आहे.
फै. हेल्मेट काढून जवळ आला. हळूच म्हणाला,
"दादा, आज पंचा नव्हता."
"हो."
तो हसला नाही. ते बरं केलं.

२४ मार्च
पहिली पाळी. काम. जेवण. काम.

२५ मार्च
सु. ने विचारलं, काय झालं. सांगितलं. तिने ताट वाढलं आणि शेजारी बसून राहिली.

म्हणजे अजूनही माहीत नाही. एवढं सगळं करून अजूनही नाही.

३१ मार्च
ईद. फै. कडे शीरखुर्मा. दक्षिणेतल्या मोठ्या संघाने त्याला घेतलंय, पुढच्या आठवड्यात जातोय. आई भरल्या डोळ्यांनी वाट्या भरत होती, नको म्हटलं तरी.

गच्चीवर गेल्यावर विचारलं. "खरं सांग. शेवटच्या फेरीत तू पुढे जाऊ शकत होतास आणि थांबला होतास, की जमत नव्हतं?"
"नाय माहीत, दादा. मी काय बघितलंच नाय. तुम्ही डावीकडे जाणार असं धरूनच वळणात आलो. नसतात गेलात तर तुमच्यावरच आलो असतो."
"पंचा नव्हता, तुला ठाऊक होतं."
"ठाऊक होतं की."

म्हणजे त्यालाही माहीत नाही. आता तो दूर जाऊन जिंकेल किंवा हरेल, ते वेगळ्याच माणसांसमोर. मी त्याला मिठी मारली. चांगला पोरगा आहे. हेवा वाटावा म्हणून आत शोधलं, तोही सापडला नाही.

६ एप्रिल
तात्या घरी आले. पहिल्यांदाच. खुर्चीवर न बसता पायरीवर बसले.
"पुढची गाडी आता तुझी. मागं तो किशोर, पोलादपूरचा. आंबेनळीच्या घाटात टेम्पो चालवतो, हात बरा हाय. पंचा त्याला."
मी म्हटलं, विचार करतो.
"कसला इचार? पाच वर्सं हेच मागत होतास ना?"
माझ्याविरुद्ध पाच वर्षं जे चाललं होतं, त्याला मी मनात अन्याय म्हणत आलो. आता तोच माझ्या बाजूने येऊन पायरीवर बसला होता.

तात्या उठता उठता म्हणाले, "मला काय दिसला नाय काय म्हाडला? मांडवातून सगला दिसतो." आवाजात राग नव्हता, कौतुकच होतं. "कोनी न दाखवता उचललास तू पाय. त्याला तसा शिकव. तुझ्यासारखा कोन शिकवनार?"
आणि खांद्यावरचा पंचा काढून माझ्या हातात दिला.

७ एप्रिल
सु. ने पंचा धुतला. दोरीवर माझ्या कामाच्या शर्टाशेजारी वाळतोय. पिवळा रंग बराच गेलाय, लांबून पाहिलं तर पांढराच वाटतो.

किशोर उद्या सकाळी येणार. फोनवर म्हणाला, "सर, तुमची भाषणं ऐकतो मी. आमच्या वाडीत सगळे ऐकतात."

आत्ता सु. बाहेरून विचारते आहे, पंचा घडी करून बॅगेत घालू का.
दोनदा विचारलं तिने. दारात उभी आहे, पंचा हातात, माझ्या उत्तराची वाट बघत.