दाते कापलेली तिकिटं

माय, आज रविवार आहे. जेवणं उरकलीत, भांडी घासून झालीत आणि मी डायनिंग टेबलावर पुठ्ठे, पट्टी, पेन्सिल असा सगळा पसारा मांडून बसले आहे. पोष्टाच्या तिकिटांच्या अल्बमची पानं करतेय, घरीच. तुझी नात मघाशी येऊन बघून गेली. म्हणाली, "मम्मी, ऑनलाइन तैयार मळे छे ने, शुं काम आटली मेहनत?" हिचं मराठी कधी सुटलं आणि गुजराती कधी चिकटलं ते मला कळलंच नाही. मी म्हटलं, तयार मिळतात ते मलाही माहीत आहे, तू तुझा मोबाइल बघ. ती हसली आणि गेली. तिला काय सांगू, की ही पानं करायला मला तू शिकवलंस, आणि तुला तर पोष्टाचं तिकीट चाटून कुठल्या बाजूनं लावतात तेही माहीत नव्हतं!

सुरतेतली, नवागामची ती खोली आठवते का? दाराशी तुझ्या साड्यांचे गठ्ठे. शेठकडून माल यायचा, तू दिवसभर उंबऱ्याजवळच्या उजेडात बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचीस. मांडीवर साडी, उजव्या हातात ती बोटभर कात्री, आणि तोंडानं शेजारणीशी गप्पा. हात बघायचीसुद्धा नाहीस. एखाद्या साडीच्या किनारीला एक धागा राहिला तरी शेठ अख्खा गठ्ठा परत पाठवायचा, म्हणून तू प्रत्येक किनारीवरून अंगठा फिरवायचीस. बाप यंत्रमागावरून आला की कानात मागाचाच आवाज घेऊन यायचा आणि आपल्याशी ओरडून बोलायचा. त्या गोंगाटात मी बारा वर्षांची, शाळेतल्या सरांनी दिलेली चार तिकिटं घेऊन, मला अल्बम पाहिजे म्हणून हटून बसले होते.

अल्बम कुठून येणार होता? तूच म्हणालीस, करूया की. साडीच्या घडीत जो पांढरा पुठ्ठा घालतात, त्यातले दुमडलेले, नाकारलेले पुठ्ठे तू शेठच्या माणसाकडून मागून आणलेस. साडीवरच्या पारदर्शक पिशव्यांच्या पट्ट्या कापून पुठ्ठ्यावर आडव्या शिवल्यास, म्हणजे तिकीट आत सरकवलं की बसतं, डिंक लागत नाही. तू शेठच्या ऑफिसातून जुनी पाकिटं आणायचीस; परातीत पाणी घेऊन त्यांचे तुकडे भिजवायचे, तिकीट सुटलं की वर्तमानपत्रावर पालथं घालायचं, हे काम मी करायची. टाके तुझे. सगळी पानं जाड दोऱ्यानं एकत्र ओवून तू गाठ मारलीस तेव्हा मला वाटलं, सबंध सुरतेत असा अल्बम कुणाकडे नसेल. खरंच नव्हता.

मग तो शुक्रवार. दुसऱ्या दिवशी शाळेत सरांनी सगळ्यांचे संग्रह मांडायला सांगितले होते. मी शाळेतून आले तर तू दारातच उभी, चेहरा असा फुललेला, जशी काय मला नवा ड्रेस आणलायस. अल्बम माझ्या हातात देऊन म्हणालीस, "दख पोरी, कितलं साफ करी टाकं! शेठना माल बी इतला साफ नही जास." मी पान उघडलं. एकूणएक तिकिटाच्या कडेचे दाते गायब, आणि दाते गेले की संग्रहात तिकिटाला किंमत नाही. चारी बाजूंनी सरळ, गुळगुळीत, सुरीनं वडी कापावी तशी. तुला ती दात्यांची कड म्हणजे धागे निघालेली किनार वाटली होती. पोरीचा माल उद्या सरांकडून परत येऊ नये म्हणून तू तुझं काम बाजूला ठेवून, दुपारभर बसून, बासष्ट तिकिटांच्या किनारी साफ केल्या होत्यास.

आणि मी काय बोलले! आपण घरात अहिराणीच बोलायचो, पण त्या दिवशी मी मुद्दाम शाळेतलं मराठी काढलं. "तुला कोणी सांगितलं होतं? अक्कल आहे का? अडाणी कुठली!" शेजारीण दारात उभी होती, तिच्यासमोर. तू कात्री पदराला पुसलीस, बघितलीस आणि परत पदराला पुसलीस. मग गठ्ठ्यातली पुढची साडी ओढून घेतलीस. शनिवारी सरांनी विचारलं, दाते कुठे गेले गं, तर मी सांगितलं, मामाची पोरं आली होती, त्यांनी कापले. आपल्या आईनं कापले हे सांगायची मला लाज वाटली, माय. दुसरं काही कारण नव्हतं.

त्यानंतर तू अल्बमला कधी हात लावला नाहीस. शेठच्या ऑफिसातून पाकिटं मात्र आणत राहिलीस, अख्खीच्या अख्खी, आणि माझ्यापुढे ठेवून म्हणायचीस, "तूच काप. माले काय समजस त्यामा." रागानं नाही, अगदी साध्या आवाजात. राग असता तर बरं झालं असतं, मी पण भांडून मोकळी झाले असते. माफी मागायची असं शंभरदा ठरवलं. लग्नाच्या वेळी ठरवलं, बाळंतपणाला आले तेव्हा ठरवलं, तू दवाखान्यात होतीस तेव्हा तर शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, शब्द तसेच पडून आहेत.

आता हा खटाटोप कशाला, तर इथं तिकिटं जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे, महिन्यातून एकदा भेटतात, पुढच्या महिन्यात छोटंसं प्रदर्शन करणार आहेत. गेल्या रविवारी मी तुझा अल्बम घेऊन गेले. तिथले एक म्हातारे काका, भिंगातून बघता बघता थबकले. "बेन, आ टिकिटो कोणे कापी?" बाकीचे चार जण मान वाकवून बघायला लागले. मी पटकन म्हटलं, "नानी हती त्यारे में ज कापेली." लहान होते तेव्हा मीच कापली. रिक्षात बसेपर्यंत मला वाटत होतं, बघ, आज तरी आईवर आळ येऊ दिला नाही. पण खोटं कशाला बोलू, त्या चार जणांपुढे मला परत तीच लाज वाटली होती. आणि पुढचं ऐक. काकांनी पान उलटलं, परत भिंग लावलं, आणि म्हणाले, तिकिटं तर वाया गेली, पण हात काय साफ आहे तुमचा! चित्राला कुठंही धक्का नाही, एक रेघ तिरकी नाही. आणि मी थँक्यू म्हटलं.

आठवडाभर ते थँक्यू मला सलतंय. आज पानं करायला बसले तेव्हा तुझी ती बोटभर कात्री काढली, शिवणाच्या डब्यात ठेवली आहे मी. एक नवं तिकीट घेतलं आणि म्हटलं, बघूया तरी. चष्मा लावून, दिवा जवळ ओढून, श्वास रोखून कापलं. पहिली बाजू बरी आली. दुसऱ्या बाजूला चित्रातल्या मोराची शेपटी गेली. मग दुसरं तिकीट घेतलं, तेही वाकडं. तू बासष्ट कापली होतीस, शेजारणीशी बोलत बोलत.

तुझी बासष्ट तिकिटं नव्या पानांवर लावली आहेत, अगदी पहिल्या तीन पानांवर, आणि पट्ट्या हातानंच शिवल्यात. प्रदर्शनात बाकी सगळे पानाखाली छापील अक्षरात माहिती लिहितात तसं खाली लिहायला हवं, तर लिहिलं, "हे दाते माझ्या मायने कापले. ती साड्यांचे धागे कापायची. तिचा हात फार साफ होता." हे पत्र दुमडून त्याच पानामागच्या पट्टीत ठेवते, कुठं पाठवणार! फक्त एक सांगायचं राहिलं, माय. ते खालचं मी पेन्सिलीनं लिहिलं आहे, खोडता येईल असं. पेन इथं शेजारीच पडलं आहे.