मरीमायचा गाडा

१२ जून १९५८

आज आत्याबाईंनी नळावरची पाटी पदराने पुसून टाकली! मीच खडूने लिहिली होती. दवाखान्यातल्या सिस्टर सिंधुताई म्हणाल्या, तुझं अक्षर चांगलं आहे, इथल्या सगळ्यांना कळेल असं हिंदीत लिही — हैजा फैला है, पानी उबालकर पियो. आत्याबाईंना वाचता येत नाही, पण कुणीतरी वाचून दाखवलं आणि बिनसलं. "नाव घेऊन बलावून राह्यली का तिले?"

सातवी शिकलेली सून आणि तिची ही सासू!

१३ जून

पाटी पुन्हा लिहिली. फक्त पाणी उकळा एवढंच. ती त्यांनी पुसली नाही.

शाळेत आम्ही पटकी शिकलो. इथले सगळे हैजा म्हणतात, भोंगेवाली गाडी महामारी म्हणत फिरते. आत्याबाईंच्या तोंडी मात्र मरीमाय, तेही हात जोडून. भाकरी थापताना विचारलं, मारते तिला माय कशी म्हणायची?

"मारणारीले वैरीण म्हटलं तं ते कावून थांबंन? माय म्हटलं का लाजते. लेकरावर हात उचलताना मायचा हात कचरतेच ना!"

असा अर्थ शाळेत कुणी सांगितला नव्हता.

१५ जून

केवलरामची बायको हैज्याने गेली. आमच्याच झोपड्यांच्या रांगेतली. परवा तिच्याकडून मीठ आणलं होतं.

१६ जून

बायकांनी ठरवलं, मरीमायचा गाडा काढायचा. गावाकडे काढतात तसाच — लाकडी गाड्यात देवी बसवायची, साडीचोळी द्यायची, वाजतगाजत हद्दीपार सोडून यायचं. पुढे ती आणि तिचं नशीब. इथला गाडा झाला यांच्या कारखान्यात आलेल्या रशियन मशीनच्या खोक्याच्या फळ्यांचा. यांनीच चाकं बसवून दिली.

पण आमच्या या झोपड्यांना हद्द कुठली? शेवटी ठरलं, रेल्वेचे रूळ.

रुळापलीकडच्या वस्तीत हिराताई राहतात! आत्याबाईंची एकुलती लेक. आठवा महिना लागलाय त्यांना. मरीमाय त्यांच्याच दारात जाणार! आत्याबाई देवीला कुंकू लावत होत्या.

१७ जून

गाडा हद्दीपार ढकलायचा मान वयाने मोठ्या बाईचा, म्हणजे आत्याबाईंचा. रुळापाशी आल्या आणि थांबल्या. शकुबाई शेजारीण मागून ओरडली, "ढकला ना!"

"गावी हद्दीपलीकडं जंगल होतं वं बाई. इथं माही पोरगी हाये."

आणि गाडा वळवला, सरळ आमच्या दारात! देवी ओसरीवर बसवली. "तिले कुठं तं राहाच लागते. ते माह्या घरी राहीन."

सगळ्या तोंड फिरवून गेल्या. मला भीती वाटते आहे, खोटं कशाला लिहू? पण या बाईबद्दल इतकी माया कधी दाटून आली नव्हती. पाया पडावंसं वाटलं. पडले नाही.

१८ जून

शकुबाई बोलत नाही. नळावर आमची बादली मागे सारतात.

आत्याबाई इतके दिवस हैज्याच्या सुईला नाही म्हणत होत्या. आज सिंधुताईंसमोर आपणहून दंड उघडा करून बसल्या — "टोच वं. घरी पाहुणी हाये, मले बिमार पडून कसं जमंन?" हसता हसता माझे डोळे भरले. उकळलेलं पाणी आधी देवीपुढे ठेवतात, मग आम्हाला.

२० जून

सकाळी रुळाच्या अलीकडे, आमच्या बाजूला, दुसराच गाडा उभा! पलीकडच्या वस्तीने सोडलेला. देवीच्या अंगावर हिरवा खण. हिराताईंची ओटी भरताना आत्याबाईंनी दिलेला. मीच निवडला होता.

आत्याबाईंनी ओळखला. बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "लेकीनं धाडली हाये. घे घरात."