घागरी घेऊन आलेले श्रोते

लातूर, सोमवार

ती. रत्नम्मा आत्यास,

शरणु शरणार्थी. तुझे गुडघे, मामांची शुगर आणि अक्षराची परीक्षा या तिघांची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. बिलोलीत ऊन किती आहे ते कळव; इथलं विचारू नकोस. आमच्याकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. हे फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर मी रडायला लागलो की तू लगेच 'जेवलास का' विचारतेस, मग मला खरंच भूक लागते आणि दुःख अर्धवट राहतं. म्हणून पत्र.

गेल्या बसवजयंतीला तू माहेरी आली होतीस. तेव्हा अप्पांच्या भांड्यांच्या दुकानात, हंड्यांच्या उतरंडीशेजारी ठाण मांडून, तू माझ्यासाठी एक वर्ष मागून घेतलंस. अप्पांची अट एकच होती: वर्षाच्या आत शंभर माणसं, कुणी हाताला धरून न आणता, आपल्या पायांनी या पोराचं वाजवणं ऐकायला घराबाहेर आली पाहिजेत; नाहीतर डीजेगिरी बंद आणि गल्ल्यावर बसायचं. तू ठसक्यात म्हणालीस, शंभर काय, दोनशे येतील. आत्या, काल दोनशे आली. तरीही मी उद्यापासून दुकानात बसतो आहे. कसं ते ऐक.

आधी एक खुलासा, कारण मामा अजूनही 'आमचा शिवप्रसाद वरातीत वाजवतो' असं बिलोलीभर सांगत असतात. मी तो डीजे नाही. ट्रॅक्टरवर भिंतीएवढे बॉक्स रचून म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड करणारा तो वेगळा. मी हिपहॉपवाला. आपण ताल जुळवायचा, त्या तालावर आपल्या बोलीत सडेतोड बोलायचं, आणि असे तुकडे गोधडीसारखे सलग शिवले की त्याला मिक्सटेप म्हणायचं (तिच्यात टेप नसते, हे अप्पांना समजावण्यात अख्खा पावसाळा गेला). हा फरक लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत बहुधा मला एकट्यालाच माहीत आहे. नांदेडला एका साखरपुड्यात मोठ्या हौसेने बोलावलं होतं. मी एसटीने, लॅपटॉप मांडीवर घेऊन पोचलो, तर मुलीचे काका व्यंकटराव माझ्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडेच बघत राहिले. "ट्रॅक्टर मागून येऊन राहिला का?" नाही म्हटल्यावर त्यांनी मला पोटभर जेवू घातलं आणि मग पुढच्या पंगतीला पाणी वाढायला हातात जग दिला. माणसं चांगली होती. मीही निमूट वाढलं.

तरी मिक्सटेप केलीच. तिचा ताल कुठून आणला ते फक्त तुला सांगतो. गिऱ्हाइकाला भांडं देण्याआधी अप्पा ते बोटाच्या पेराने वाजवून कान देतात ना (फुटकं असेल तर बद्द वाजतं, धड असेल तर खणखणीत), ते ठोके मी चोरून मोबाइलमध्ये भरून घेतले. हंडा, कळशी, परात, सगळ्यांचे. वर माझी बडबड. आठ महिने खपलो. वाटायला तीस पेनड्राइव्ह भरले. त्यातले अठ्ठावीस लोकांनी माझी गाणी पुसून वापरायला घेतले, एक हरवला, आणि उरलेला एक आमच्या भागात पाण्याचा टँकर आणणाऱ्या मलप्पाने नेला. त्याचा हॉर्न बंद पडला होता. त्याने केबिनवर कर्णा बसवला आणि टँकर गल्लीत शिरला की माझी मिक्सटेप लावायला लागला. पहिल्या दिवशी मला गगन ठेंगणं झालं. पहिला ठोका पडला की दारं उघडायची, बायाबापड्या धावत यायच्या! पण ऐकत कुणीच नव्हतं, आत्या. माझं बोलणं सुरू व्हायच्या आत पाइपावरून भांडणं सुरू व्हायची. दोन महिन्यांत साऱ्या भागाला पाठ झालं, की हा ठोका म्हणजे पाणी.

काल, शेवटचा प्रयत्न म्हणून, महादेवाच्या देवळामागच्या मोकळ्या जागेत कार्यक्रम ठेवला. पत्रकं वाटली, सतरंज्या अंथरल्या. सहा वाजता तिथे मी, एक कुत्रं आणि कडुलिंबाखाली पाठमोरे उभे अप्पा (मोजायला आले होते). म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. पहिला ठोका वाजवला आणि पाच मिनिटांत जागा भरली. दोनशेच्या वर माणसं! घागरी, बादल्या, रंगाचे रिकामे डबे. एक आजोबा तर कुकर घेऊन आले. सतरंज्यांवर भांड्यांच्या रांगा बसल्या आणि माणसं उभी राहिली. सगळ्यात पुढे सरजाबाई, दोन हंडे घेऊन. तिने स्पीकरच्या मागे जाऊन बघितलं, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "पाइप कुठं हाय रे लेकरा?" मी म्हणालो, मावशी, आज पाणी नाही, गाणं आहे. तिच्यामागे बादली घेऊन उभी असलेली बसम्मा त्यावर कानडीत काय बोलली ते लिहीत नाही, कारण तुला कानडी कळतं. दहा मिनिटांत जागा रिकामी झाली. मी वायर गुंडाळता गुंडाळता रडलो. दोनशे माणसं समोर उभी होती आणि त्यातल्या एकालाही मी नको होतो.

घरी आलो, जेवलो. मीच अप्पांना म्हणालो, मंगळवारपासून दुकान मी उघडतो. (सोमवारी दुकान बंद, म्हणून दुःखाला एक दिवस मिळाला.) ते 'बरं' म्हणाले. पाण्याच्या आशेने आलेली माणसं मी तुला श्रोते म्हणून दाखवणार नाही. तू माझ्यासाठी शब्द टाकला होतास, तो माझ्याने राखला गेला नाही, मला माफ कर. लॅपटॉप अक्षराला पाठवून देतो, अभ्यासाला होईल. इथून पुढे मी हिपहॉपचं नाव काढणार नाही.

मामांना नमस्कार.

तुझा हरलेला भाचा,
शिवप्रसाद

ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. आज मंगळवार. सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाला कळशी देताना अप्पांनी ती वाजवली, थांबले, आणि त्या बाईला तशीच ताटकळत ठेवून मला म्हणाले, "तुझ्या त्या गाण्यात चौथा ठोका फुटक्या हंड्याचा हाय. बद्द वाजून राहिला. काढ त्याला." आत्या, आठ महिने ऐकतोय, मला कळलं नव्हतं. ठोके कुणाच्या बोटांचे, ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

आणखी ता. क. दुपारपासून अप्पा माळ्यावरची भांडी काढून वाजवताहेत. सतरा हंडे झाले, एकही पसंत नाही. गिऱ्हाइकं परत चालली आहेत. म्हणतात, पाहिजे तो आवाज एकाच भांड्याचा होता आणि ते तुझ्या लग्नात तुला देऊन टाकलं. तर मुद्द्याचं एवढंच: तुझ्या स्वयंपाकघरातली ती पितळी घागर पाठव. लॅपटॉपचं इतक्यात जमणार नाही, अक्षराची समजूत घाल.

शेवटचं. अप्पा शेजारी उभे राहून सांगताहेत, की घागर एसटीत सीटखाली ठेवायची नाही, पोचा येतो. मामांनी मांडीवर घेऊन यावं. आणि लवकर. मी म्हटलं, आता घाई कसली? तर म्हणाले, "कसली म्हंजे? बसवजयंतीला अजून अकरा दिवस हायेत."