वेंकटचा रिकामा नंबर

३ जून
वेंकट अमेरिकेला गेला. ‘सेटल झालो की घरी आपल्या लग्नाचं बोलतो’ म्हणाला. आमचे बॉस मूर्तीसाहेब लगेच, “जो गया उसका अकाउंट नक्को रखो अम्मा, निकाल डालो.” मी खात्याला नुसतं कुलूप घातलं. आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांवर दोन तऱ्हेचं लिनक्स, एकाच माणसाच्या खात्याला दर मशीन वेगळा नंबर द्यायचं. वेंकटनेच सगळ्या मशीनवर एकेकाला एकच नंबर ठरवून दिला. स्वतःला ५०७, मला शेजारचा ५०८. तेव्हा किती हसलो होतो.

१९ जून
वेंकटची मेल. तिकडचीच मुलगी, त्याचा साखरपुडा झाला. ‘तू समजून घे.’
काय समजून घेऊ?
रागाच्या भरात खातं उडवलं. आधी फायली दुसऱ्याच्या नावावर करायच्या, हे त्यानेच शिकवलेलं. विसरले. आता सर्व्हरवर त्याच्या फायलींपुढे नाव नाही, नुसतं ५०७. डबा तसाच परत आणला. आई म्हणाली, “का गं, जेवली नाहीस? वेंकटचा फोन का येईनासा झालाय?”

२४ जून
नवी मुलगी आली, शबाना. खातं करताना ५०७ रिकामा दिसला, देऊन टाकला. मीच, या हातांनी! मशीनला माणूस कुठे कळतो, नंबर कळतो. वेंकटचं सगळं शबानाचं झालं.
दुपारी ती हळूच आली. “मॅडम, एक ‘घर’ नाम का फोल्डर है. आपके फोटो हैं उसमें, कोई सर के साथ. मैं एकीच देखी, बाकी नक्को बोलके बंद कर दी.”
बाथरूममध्ये जाऊन रडले. पोरगी बाहेर उभी राहिली. कुणालाही येऊ दिलं नाही.

२५ जून
शबानाचा नंबर बदलला. ‘घर’ पुन्हा बेवारशी. मूर्तीसाहेब बेवारशी फायलींची यादी बघून: “किसी का नाम नहीं ना? शुक्रवार को साफ कर दो.”

शुक्रवार, २७ जून
सकाळी वेंकटची मेल. खुशाली नाही, काही नाही. ‘तो फोल्डर पुसून टाक प्लीज, कुणी बघेल.’
फार लागलं.
बेवारशी सगळं साफ केलं. त्याआधी ‘घर’ माझ्या नावावर केलं. फायलींना मालकाखेरीज एक ग्रुपही असतो, तो मात्र होता तोच ठेवला, आम्हा दोघांचा. त्यात आता मी एकटी.
वेंकटला उत्तर लिहिलं, ‘पुसलं.’ पाठवलं नाही अजून. पाठवायच्या आधी खरंच पुसावं, की...