आईची दोन मिनिटं

शिंदखेडा,
६ जानेवारी २०२५

प्रिय अक्का,
सविनय जयभीम, वि. वि.

भरताची वांगी पोचली. सासूबाईंनी कळण्याच्या भाकरीशी दोन दिवस तेवढंच खाल्लं आणि जळगावची सून करून आणल्याचा फायदा आज झाला, असं मला ऐकवलं. शहाऐंशीव्या वर्षीही जीभ शाबूत आहे.

पुन्हा पत्रच आलं म्हणून तू रागावशील. पण तुझ्याशी फोनवर बोलायला बसले की अर्धा तास जातो आणि तेवढा वेळ लाइन अडते. माझ्या प्रशीलला हा एकच नंबर पाठ आहे.

लष्कराचं पत्र आलं आहे. चौदा महिने 'बेपत्ता' लिहीत होते, आता 'मृत मानण्यात येत आहे' असं लिहिलंय. त्याच्या गस्तीवरचे चौघे बर्फाखाली सापडले, तो सापडला नाही. न सापडलेल्या माणसाला कुणी कसं मानू शकतं, हे त्या पत्रात नाही.

आणि काल आमचे मुख्याध्यापक छगन सर घरी आले होते. तीस तारखेला अकरा वाजता हुतात्म्यांसाठी आम्ही स्तब्ध उभे राहतो, तेव्हा शाळेत गावच्या जवानांचीही नावं वाचतात. एक पासष्टच्या लढाईतला, एक एकाहत्तरचा. यंदा तिसरं नाव वाचू का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले तर वाचणार नाहीत. आमच्याकडे भोंगा नाही. सव्वीस वर्षं घड्याळ धरून 'स्तब्ध' आणि 'विश्राम' मीच म्हणते. तेही यंदा दुसऱ्या कुणाला सांगतो म्हणाले.

मी चहा ठेवायला उठले. तू काय म्हणतेस?

माया आहेच, तिला खळ पडू देऊ नकोस.
तुझी,
मित्रा


जळगाव,
११ जानेवारी २०२५

चि. मित्रास,
दीपमालाचे अनेक आशीर्वाद.

एकोणचाळीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात काढलेल्या बाईला तू लाइन अडते म्हणून सांगतेस! अगं, हल्ली बोलता बोलता दुसरा फोन आला की कळतं. पण तुला पटायचं नाही. लिही बापडी पत्रं, अक्षर तरी बघायला मिळतं.

तू सव्वीस वर्षं शाळा गप्प करतेस याचं मला अजून हसू येतं. आप्पांची रेल्वेतली नोकरी सारखी बदलीची, म्हणून आपण कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात. तिथे रात्रीच्या घंटेनंतर मौन, आणि सगळ्यांत जास्त शिक्षा तुला. तरी सिस्टर फिलोमिनांनी वक्तशीरपणाचं घड्याळ तुलाच दिलं. गप्प राहणं जमत नाही, निदान वेळ तरी पाळते, असं म्हणाल्या होत्या.

आता मनातलं लिहिते. नाव वाचू दे, मित्रा. तुझ्यासाठी नाही, तुझ्या सासूबाईंसाठी, द्रौपदाबाईंसाठी. त्यांचा मला फोन आला होता, शेजारच्यांच्या मोबाइलवरून. नातवाला सगळ्या गावाने एकदा मान दिलेला बघून डोळे मिटायचेत, म्हणाल्या. तुझ्यापुढे बोलायची त्यांची हिंमत होत नाही.

आणि घड्याळ तूच धर. पूर्वी ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली की लाइन तोडायचं काम माझं होतं. रडणाऱ्यांचीही तोडली. वेळ झाली की बोलायचं, एवढंच ध्यानात ठेवायचं. दोनच मिनिटं तर आहेत.

तुझी काळजी करणारी,
अक्का


शिंदखेडा,
१९ जानेवारी २०२५

प्रिय अक्का,
सविनय जयभीम, वि. वि.

छगन सरांना होकार दिला. सासूबाईंनी लगेच ट्रंकेतलं पांढरं लुगडं काढून उन्हात घातलं. मला ते दोरीवर बघवेना, म्हणून दुपारभर पाठीमागच्या दाराने ये-जा केली.

प्रशील याच शाळेत माझ्यासमोर स्तब्ध उभा राहायचा, आठवतं ना तुला? आईची दोन मिनिटं सगळ्यांपेक्षा मोठी असतात, अशी त्याची तक्रार. मनात एकशेवीसपर्यंत मोजायचा आणि घरी आल्यावर मी किती जास्त घेतली याचा हिशेब द्यायचा. मी त्याला लबाड म्हणायचे.

अक्का, तू सांगितलंस म्हणून मी हो म्हणाले आहे. पण मी त्याला आत ढकलून बाहेरून कडी लावते आहे असं वाटतं. रोज पहाटे वाटतं, जाऊन नाही म्हणून यावं. मग ते लुगडं दिसतं.

राग धरू नकोस, आठवण धर.
मित्रा


जळगाव,
२५ जानेवारी २०२५

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

काल न राहवून फोन केला, तर तू 'मी बरी आहे' एवढं म्हणून ठेवून दिलास. मी तिकडे यायला निघत होते, पण गुडघ्याचं दुखणं आणि डॉक्टर दोघेही ऐकेनात. मी फार सहज लिहून टाकलं का गं? अजून वेळ आहे. नको वाटत असेल तर सरांना सांग. द्रौपदाबाईंना मी समजावते.

जीव टांगणीला लागला आहे. दोन ओळी तरी लिही.

अक्का


शिंदखेडा,
३१ जानेवारी २०२५

प्रिय अक्का,
सविनय जयभीम, वि. वि.

सगळं जसं झालं तसं लिहिते.

अकराला पाच कमी असताना सरांनी सगळ्यांना मोबाइल बंद करायला सांगितलं. सगळ्यांचे हात खिशात गेले. मीही पर्समध्ये हात घातला आणि तसाच बाहेर काढला. चौदा महिन्यांत तो बंद केला नव्हता, कालही नाही केला.

तीन नावं वाचली. मी 'स्तब्ध' म्हणाले. सिस्टरांच्या घड्याळाचा काटा फिरायला लागला. मैदानावर साडेतीनशे मुलं, सरपंच, निवृत्त फौजी, पालक. झेंड्याची दोरी काठीला लागत होती, तेवढाच आवाज. दोन मिनिटं झालेली मला कळली, अक्का. तू लिहिलेलंही आठवलं. तोंड उघडलंसुद्धा. पण इतकी शांतता मला आजवर कुणी दिली नव्हती. घरात सासूबाईंचा खोकला, रस्त्यावर ट्रॅक्टर, शाळेत पोरं. माझ्या मनात आलं, आत्ता वाजला तर नक्की ऐकू येईल. अजून थोडं थांबू. मी एकदा विश्राम म्हणाले की पुन्हा सगळे बोलायला लागतील.

तीन झाली, पाच झाली. सर माझ्याकडे बघत होते, पण पुढे आले नाहीत. पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. कुणी हूं की चूं केलं नाही. सव्वीस वर्षांची शिस्त माझी. मी पर्स पोटाशी धरून उभी. सगळा गाव माझ्या मुलाच्या फोनची वाट बघत उभा आहे, असं मला वाटत होतं.

नऊ मिनिटं, अक्का. तो वाजला नाही.

मग पुढच्या रांगेतून सासूबाई बोलल्या. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, पण त्या काठी टेकून सगळा वेळ उभ्याच होत्या. हळूच म्हणाल्या, "बठ्ठा पोरेसना पाय दुखी राह्यनात, माय. बसाड आते त्यासले."

मी 'विश्राम' म्हटलंच नाही. 'बसा रे बाळांनो' म्हणाले. साडेतीनशे पोरं एकदम मातीत बसली आणि बोलायला लागली. मी उभीच होते. छगन सरांनी माझ्या हातातून घड्याळ सोडवून घेतलं, चावी दिली आणि परत दिलं.

घरी आल्यावर बघितलं, सासूबाईंचे पाय सुजून टम्म झालेले. मी तेल कोमट करून चोळायला बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं की तू बरोबर मोजत होतीस ना गं. मी हो म्हणाले. मग आम्ही दोघी रडलो. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

तुझा दोष नाही. तू दोनच मिनिटं सांगितली होतीस. गुडघ्याला जप, आणि असाच लोभ ठेव. आता मला तो जास्त लागणार आहे.

तुझी,
मित्रा

ता. क. – या पत्राला पत्राने उत्तर देऊ नकोस. संध्याकाळी फोन कर. कितीही वेळ बोलू.