बाबांचा जादूगार

घाटंजी, मंगळवार, संध्याकाळ

आजही खेळ मांडला. मी गोष्ट सांगते, फासे टाकते अन् बाबा त्या गोष्टीतले जादूगार होतात. डॉक्टर म्हणाले होते, डोकं चालतं ठेवा, म्हणून मीच शिकवला. आता वाटते, कायले शिकवला?

खेळातला जादूगार सकाळी मंत्र पाठ करतो. एकदा वापरला की तो मंत्र डोक्यातून पुसला जातो. झोपून उठल्यावर पुन्हा पाठ करायचा. जन्मभर पोरांकडून पाढे घोकून घेतलेल्या माणसाला हा नियम फार पटला. आज उजेडाचा मंत्र त्यांनी गुहेच्या तोंडाशीच वापरून टाकला अन् आत अंधारात अडकले. हसले नुसते. "असू दे. झोपून उठलो का येते."

मग जेवताना घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. हळूच म्हणाले, "पोरी, तुयं नाव म्या कुठं वापरून टाकलं वं?"

नियम तर मीच शिकवलेला. तोंडातून निघून गेलं, "झोपून उठा बाबा, येईल."

उजेडाचा मंत्र येतो सकाळी, मी तो कागदावर लिहून देते म्हणून. पण हे?

बाबा अर्धं ताट तसंच ठेवून उठले. दिवेलागणीलाच अंथरुणात शिरले, लवकर सकाळ व्हावी म्हणून.